ड्रॉइंग फ्रीझ व्हायच्या आधी

नमस्कार मंडळी. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत माझं बारकं प्रेस शॉप आहे, पत्र्याचे ब्रॅकेट, क्लॅम्प असली कामं, त्यामुळे ड्रॉइंग फ्रीझ व्हायच्या, म्हणजे डिझाइन पक्कं होऊन बदल बंद व्हायच्या आधी आम्हाला विचारण्याबद्दल आज जे बोलणार ते व्हेंडरच्या, म्हणजे पार्ट बनवून देणाऱ्याच्या बाजूनेच, पर्चेसवाल्यांनी राग मानू नका.

एकदा एका कंपनीचं नवीन ब्रॅकेट आलं. 2 एमएम पत्रा, आणि भोक बेंडला इतकं चिकटून की मधे जेमतेम 3 एमएम. आता ज्याने प्रेसवर हात काळे केलेत त्याला बघताक्षणी कळतं, असं भोक आधी पाडून मग पत्रा वाकवला की ते ताणून अंड्यासारखं होतं, बोल्ट काही जात नाही. नुसतं 4 एमएम सरकवलं असतं ना, विषय संपला होता! पण त्यावर बसणाऱ्या दुसऱ्या पार्टची डाय, म्हणजे साचा, आधीच बनलेली. मग काय, वाकवल्यावर परत पंचिंग, त्याला वेगळं टूल, वेगळा ऑपरेटर, आणि हा खर्च प्रत्येक नगामागे, मॉडेल बंद होईपर्यंत. आम्हाला बोलावलं कधी, तर ड्रॉइंग फ्रीझ झाल्यावर, कोटेशन द्यायला.

याच्या उलटं उदाहरण पण आमच्या नाशिकचंच आहे, 2002 ची स्कॉर्पिओ. महिंद्राला अशी गाडी शून्यातून करायचा अनुभव नव्हता, पैसाही मोजका, सगळं मिळून 600 कोटींच्या आसपास. त्यांनी सुट्या पार्टची ड्रॉइंगं वाटत न बसता अख्ख्या सिस्टीमच सप्लायरवर सोपवल्या, म्हणजे गाडीला काय हवं आणि किती किमतीत हवं ते सांगितलं, डिझाइन तुम्ही करा म्हणाले. टोयोटाकडे तर सप्लायरचे इंजिनिअर गेस्ट इंजिनिअर म्हणून त्यांच्याच डिझाइन ऑफिसात येऊन बसतात.

आता तुम्ही म्हणाल मग आम्ही तोंड उघडून सांगत का नाही? सांगतो ना! एकदा मी दोन पार्टचा एक पार्ट करून दाखवला होता, वेल्डिंगच गेलं त्यातलं. साहेब खूश, चहा-बिस्किट सगळं झालं. महिन्याभराने तेच डिझाइन चार जणांकडे कोटेशनला फिरत होतं, माझ्या हाताने लिहिलेल्या मापांची झेरॉक्स जोडून, आणि ऑर्डर गेली दहा पैसे कमी लावणाऱ्याला.

पुढच्या वेळी त्यांनी विचारलं, काही सजेशन? म्हटलं, नाही साहेब, ड्रॉइंगप्रमाणे करून देतो.