डाव्या चाकाचं बेअरिंग

(दृश्य: धावपट्टी, सकाळ. विमान टेकतं, टायरखालून धूर, विमान पुन्हा हवेत.)

टेकलं, आणि पुन्हा वर गेलं.

याला सर्किट म्हणतात. धावपट्टीला एक चौकोनी फेरी मारायची, चाकं टेकवायची आणि न थांबता परत उडायचं. तासाभराच्या सरावात हे सात-आठ वेळा होतं. बारामती, गोंदिया, शिरपूर, धुळे... महाराष्ट्रात जिथे जिथे वैमानिक घडतात, तिथे उजाडल्यापासून हेच चालू असतं. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याला २०० तासांचं उड्डाण लागतं. त्यातले सुरुवातीचे कितीतरी तास याच चौकोनात जातात.

विमान सेस्ना १७२. १९५६ पासून जगभरातली मुलं-मुली यावरच उडायला शिकत आली आहेत.

(दृश्य: तेच टेकणं, संथ गतीने.)

आता चाकाकडे बघा. हवेत असताना ते जवळजवळ थांबलेलं असतं. जमिनीला लागलं की क्षणात त्याला विमानाचा वेग गाठावा लागतो. ताशी ९० किलोमीटरच्या वेगाने टेकलं, तर एवढ्याशा चाकाला मिनिटाला हजाराच्या आसपास फेरे घ्यावे लागतात. त्याच क्षणी अंगावर विमानाचं वजन येतं. वारा आडवा असेल तर बाजूचा रेटाही येतो. हे सगळं झेलणारी वस्तू तळहातावर मावते.

(दृश्य: तळहातावर बेअरिंग, अगदी जवळून.)

टेपर रोलर बेअरिंग. यातले रोलर एका टोकाला निमुळते आहेत आणि तिरके बसवलेले आहेत. त्यामुळे वरून येणारं वजन आणि बाजूने येणारा रेटा, दोन्ही एकाच बेअरिंगला पेलतात. याचं पेटंट १८९८ सालचं. घेणारा हेन्री टिमकेन, अमेरिकेत घोडागाड्या बांधणारा कारागीर. जड गाडी वळताना चाकांवर बाजूने येणारा ताण त्याला सतावत होता. तीच युक्ती आज विमानाच्या चाकात आहे.

एका चाकात अशी दोन बेअरिंगं. एक आतल्या बाजूला, एक बाहेरच्या. प्रत्येकाचे दोन भाग: चाकात घट्ट बसलेली बाहेरची कडी म्हणजे कप, आणि रोलरांसकट निघून येतो तो कोन.

(दृश्य: हँगर, म्हणजे विमानाची शेड. विमान जॅकवर. दोघंजण चाकाशी बसलेली.)

हा हँगर अशाच एका प्रशिक्षण धावपट्टीवरचा. विमानाचे १०० तास भरलेत, तपासणी लागली आहे. काम करताहेत त्या इथल्या वरिष्ठ तंत्रज्ञ. शेजारी बसलेला मुलगा शिकाऊ आहे, आणि आज बेअरिंग त्याच्या हातून व्हायचं आहे.

चाक काढायच्या आधी हवा काढायची. नुसती कमी करायची नाही, व्हॉल्व्हचा गाभा काढून पूर्ण सोडायची. विमानाचं चाक दोन अर्ध्यांचं असतं आणि बोल्टांनी जोडलेलं असतं. आत दाब असताना ते बोल्ट सैल केले, तर दोन्ही अर्धे तोफेसारखे सुटतात. प्रवासी विमानांच्या टायरात २०० पीएसआयच्या (चौरस इंचाला पाउंड) आसपास दाब असतो. इथे पुष्कळ कमी आहे, पण माणसाला जायबंदी करायला तेवढाही पुरतो.

(दृश्य: कॉटर पिन, ॲक्सल नट, चाक निघतं. स्नॅप रिंग, फेल्टचं सील, कोन.)

नट सुटू नये म्हणून त्यात घातलेली कॉटर पिन सरळ करून काढली. ही परत वापरायची नाही, दर वेळी नवी. मग ॲक्सलचा नट. मग चाक. आतून निघतेय ती स्नॅप रिंग, तिच्यामागे पातळ पत्र्याच्या चकत्या आणि त्यांच्यामध्ये फेल्टचं सील. धूळ आणि पाणी अडवण्याचं काम या फेल्टकडे.

आता निघालेल्या ग्रीसकडे बघा.

(दृश्य: काळपट ग्रीस, बोटावर घेतलेलं.)

चाकात भरलं तेव्हा हे गडद लाल होतं. आता काळं आहे, आणि बोटांत चोळलं की खरखर लागते. ही खरखर धुळीची. धुळीतला वाळूचा कण बेअरिंगच्या पोलादापेक्षाही कठीण असतो. आणि रोलर न् कपामधला वंगणाचा थर किती? केसाच्या जाडीचा शंभरावा भाग, पुष्कळदा त्याहूनही पातळ. त्या थरात हा कण शिरला की पोलादावर ओरखडा उठतोच.

काढलेल्या प्रत्येक कोनाला चिठ्ठी लागते. डावं चाक, आतलं. डावं चाक, बाहेरचं. जो कोन ज्या कपात फिरला, तो त्याच कपात परत जायला हवा. दोघांचे पृष्ठभाग एकमेकांवर बसलेले असतात.

(दृश्य: ट्रेमध्ये सॉल्व्हंट, ब्रश.)

धुणं. दोन ट्रे आहेत. पहिल्यात जुनं ग्रीस सोडवायचं, दुसऱ्यातल्या स्वच्छ सॉल्व्हंटमध्ये खळबळून घ्यायचं. ब्रश नायलॉनचा. तारेचा ब्रश इथे टेबलावर ठेवतसुद्धा नाहीत. केजच्या, म्हणजे रोलरांना जागेवर धरणाऱ्या पिंजऱ्याच्या आड, रोलरच्या टोकांशी ग्रीस दडून बसतं, तिथपर्यंत ब्रशचे केस पोहोचले पाहिजेत. हा भाग आम्ही जवळजवळ पूर्ण ठेवला आहे. कारण घाई होते ती इथेच. वरून चकचकीत दिसलं की बेअरिंग स्वच्छ झालं असं वाटतं. तसं ते झालेलं नसतं, आणि राहिलेल्या जुन्या ग्रीसखाली काय आहे ते कुणालाच दिसत नाही.

(दृश्य: मुलगा हवेची नळी उचलतो. तंत्रज्ञ त्याचा हात धरतात.)

तंत्रज्ञ: "अरे, फिरवू नकोस त्याला! रोलर धरून ठेव, मग हवा मार."

मुलगा: "हो मॅडम."

हवेच्या झोतावर बेअरिंग भिंगरीसारखं गरगरवायचा मोह प्रत्येक शिकाऊ मुलाला होतो. पण वंगण नसलेलं बेअरिंग कोरडं फिरलं की रोलर घासतात. वेग फार वाढला तर केज सोडून रोलर उडूही शकतो, आणि तो समोरच्याच्या डोळ्यावर येतो. म्हणून केज आणि रोलर अंगठ्याने दाबून धरायचे आणि झोत रोलरांच्या लांबीच्या दिशेने सोडायचा. हवा गाळलेली हवी, आणि कोरडी. कॉम्प्रेसरच्या टाकीत साठलेलं पाणी आधी काढून टाकायचं. पावसाळ्यात तर हमखास.

हातमोजेही गंज टाळण्यासाठीच. घामात मीठ असतं. धुतलेल्या उघड्या पोलादावर बोटाचा ठसा उमटला, तर त्याच ठशाच्या आकाराचा गंज धरतो.

(दृश्य: दिव्याखाली बेअरिंग, भिंग. बराच वेळ.)

आता बघायचं.

एकेक रोलर फिरवत, दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून. घाई नाही. शेवटच्या रोलरवरून पुन्हा पहिला आला की एक फेरी पुरी, मग दुसरी. शोधायचं काय? पृष्ठभागाचा टवका उडालाय का. पाण्याने चरल्यासारखे करडे डाग आहेत का. कपाच्या आत रोलरांच्या अंतराएवढ्या अंतरावर दाबल्याच्या रेघा आहेत का. अशा रेघा दणक्याने पडतात. आणि विमान बराच काळ एकाच जागी उभं राहिलं, वाऱ्याने हलत राहिलं, तरीही तशाच खुणा उमटतात. ती नुसतं उभं राहिल्याची झीज.

रंगही बोलतो. फिकट तपकिरी छटा वंगणाची असू शकते. निळी झाक असेल तर बेअरिंग तापलंय, पोलादाचा कठीणपणा गेलाय. ते बाद. त्यावर चर्चा नाही.

(दृश्य: कपाच्या आत टोकदार सळईचं टोक फिरतं.)

डोळ्याला शंका आली की टोक फिरवून बघतात. डाग असेल तर टोक सरकून जातं. खड्डा असेल तर अडतं.

हे बघा. अडलं.

(निवेदन नाही. फक्त टोकाचा आवाज. तंत्रज्ञ भिंग मुलाच्या हातात देतात.)

बाजरीच्या दाण्याएवढासुद्धा नाही हा टवका. पण इथून पुढे प्रत्येक रोलर त्याच्या कडेवरून जाणार आणि तो वाढवत नेणार. कप बदलायचा, आणि त्याच्यासोबत कोनही. दोन्ही जोडीनेच.

कप ठोकून काढत नाहीत. चाकाचा अर्धा भाग उकळत्या पाण्यात अर्धा तास ठेवायचा. चाकाचा हलका धातू पोलादापेक्षा जास्त फुलतो आणि कप सुटतो. नवा बसवताना चाक गरम आणि कप गोठवलेला. एकाच सरळ रेषेत, बुडाला टेकेपर्यंत.

(दृश्य: पाण्यातून वाफ. कप निसटून खाली येतो.)

आणि आता ग्रीस.

विमान कंपनीने सांगितलेलं, तेच आणि तेवढंच. इथे वापरतात ते कृत्रिम तेलात खास चिकणमाती मिसळून घट्ट केलेलं. उणे ५४ पासून १७७ अंश सेल्सिअसपर्यंत काम देणारं. दुसऱ्या जातीचं ग्रीस, समजा साबणाच्या आधारावर घट्ट केलेलं, याच्यात मिसळलं तर दोघांची घडण मोडू शकते. तेल वेगळं होऊन वाहून जातं, आणि बेअरिंगात कोरडा चोथा राहतो. म्हणून डब्यावरचं नाव वाचायचं, डब्याला झाकण हवं, आणि एका डब्यातली पट्टी दुसऱ्यात घालायची नाही.

(दृश्य: तळहातावर लाल ग्रीसचा गोळा. कोन त्यावर दाबला जातो.)

हाताने भरायची ही जुनी रीत. तळहातावर गोळा घ्यायचा, कोनाची रुंद बाजू त्याच्या कडेवर दाबायची आणि स्वतःकडे ओढायची. पुन्हा दाबायची. रोलरांच्या फटींतून वरच्या बाजूला ग्रीसची बोटं बाहेर येऊ लागली, की तेवढा भाग भरला. मग कोन जरासा फिरवायचा आणि पुढची फट. दाबाने ग्रीस भरणारं यंत्रही असतं, कामही लवकर होतं. या हँगरमध्ये शिकाऊ मुलाला आधी हाताने शिकवतात, आणि आम्हाला ते पटतं. कुठली फट रिकामी राहिली ते हाताला लगेच कळतं.

कपाच्या आतून एक पातळ हात. चाकाची पोकळी मात्र ठासून भरायची नाही. जास्तीचं ग्रीस तापतं, सील ओलांडतं आणि ब्रेकच्या चकतीवर जातं.

(दृश्य: चाक ॲक्सलवर. एक हात चाक फिरवतो, दुसरा नट आवळतो.)

शेवटचं काम नटाचं. चाक फिरवत फिरवतच आवळायचं, म्हणजे रोलर आपापल्या जागी बसतात. किंचित अडखळ जाणवली की थांबायचं, आणि जवळच्या खाचेपर्यंत नट मागे घ्यायचा. तिथे नवी कॉटर पिन. नट फार आवळला तर रोलरांची टोकं तापतात. सैल राहिला तर चाक डुगडुगतं आणि सील खातं.

बेअरिंग जाम झालं तर विमान धावपट्टीवरून भरकटतं. इंजिनातल्या बेअरिंगची गोष्ट आणखी वेगळी: ९ मे १९८७ रोजी पोलंडमधल्या वॉर्साजवळ इल्युशिन ६२ हे प्रवासी विमान कोसळलं, ते इंजिनाच्या शाफ्टवरचं रोलर बेअरिंग निकामी झाल्याने. १८३ जण गेले.

(दृश्य: तपासणीचा तक्ता, पान उघडं.)

हा तक्ता पूर्ण वाचला पाहिजे. सेस्नाच्या देखभाल पुस्तिकेप्रमाणे चाकाची बेअरिंगं पहिल्या १०० तासांना धुऊन ग्रीस भरायची, आणि नंतर दर ५०० तासांना. बहुतेकांच्या लक्षात ५०० राहतं. पण तिथेच पुढे लिहिलंय: उतरणी, म्हणजे विमानाचं टेकणं, नेहमीपेक्षा जास्त असतील, जमिनीवरची धाव फार असेल, विमान धुळीत किंवा समुद्रकाठी असेल, तर दर १०० तासांना.

आता ही धावपट्टी बघा.

(दृश्य: उन्हाळा. धावपट्टीच्या कडेने धुळीचा लोट. एकामागे एक तीन विमानं.)

उतरणी जास्त आहेत, धूळ आहे, रांगेत उभं राहून जमिनीवरची धाव आहे. विमानातलं घड्याळ तास मोजतं, उतरणी मोजत नाही. सर्किटमध्येच गेलेले १०० तास म्हणजे सात-आठशे वेळा टेकणं. लांबच्या प्रवासात गेलेले १०० तास म्हणजे त्याच्या एका लहानशा अंशाइतकं. दोन्हींची नोंद सारखीच दिसते. या हँगरने नोंदवहीत उतरणींचा वेगळा रकाना आखून घेतलाय, आणि बेअरिंगचं काम १०० वर आणलंय. प्रत्येक प्रशिक्षण संस्थेने हे करावं. त्याला नवं यंत्र लागत नाही. विमान अर्धा दिवस जास्त जॅकवर राहू द्यायची तयारी लागते, आणि तंत्रज्ञाच्या मागे तगादा लावायचा नसतो.

उडायला शिकणाऱ्यांसाठी एक. उड्डाणाआधीच्या फेरीत टायरची हवा बघता, तेव्हाच चाकाच्या मध्याकडे नजर टाका. ग्रीसचे ओघळ टायरकडे किंवा ब्रेकच्या चकतीकडे गेलेले दिसले, तर विमान तिथेच सोडा आणि हँगरमधल्या माणसाला बोलावून आणा.