महापौर आपला, पण सही कोणाची?

नमस्कार मंडळी. आज घटनेतल्या एकाच शब्दाबद्दल बोलायचंय. तो शब्द आहे 'शकेल'.

शहरांच्या पालिकांना घटनेत स्थान देणारी ७४वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली. तिच्यामुळे घटनेच्या बाराव्या अनुसूचीत, म्हणजे पालिकांच्या कामांच्या यादीत, १८ विषय आले: पाणी, रस्ते, कचरा, अग्निशमन, नगररचना, अगदी पथदिवे आणि स्मशानभूमीसुद्धा. आपण धरून चालतो की हे सगळं पालिकेच्या हातात आलं. पण कलम २४३ डब्ल्यू नीट वाचा. राज्याचं विधिमंडळ हे अधिकार पालिकांना देऊ 'शकेल', एवढंच ते म्हणतं. किती द्यायचे, कधी द्यायचे, हे मुंबईत, विधिमंडळात ठरतं.

निवडणुकीचं तसं नाही. पाच वर्षांची मुदत संपायच्या आत ती झालीच पाहिजे, असं घटना सांगते. तरी मुंबई, पुण्याची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि मतदान झालं १५ जानेवारी २०२६ ला. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचे वाद कोर्टात, आणि पालिकेत नगरसेवकांच्या जागी सरकारनं नेमलेला प्रशासक. त्या काळात आमच्या भागात नळाला करंगळीएवढी धार यायची. बायका सवयीनं माजी नगरसेवकाकडे जायच्या. तो बिचारा फोन लावायचा, पण सभागृहात उभं राहून जाब विचारायला सभागृहच नव्हतं. मला याचा अजूनही राग येतो.

बरं, आता नगरसेवक आलेत. महापौरही आहेत, अडीच वर्षांसाठी. पण महापालिकेचा कारभार चालवायचे अधिकार कायद्यानं आयुक्तांकडे आहेत, आणि आयुक्त नेमतं राज्य सरकार. नगरपरिषदेत तर नगराध्यक्ष थेट लोकांतून निवडून येतो, तिथेही मुख्याधिकारी सरकारचाच.

पैशाचंही तेच. मुंबईची जकात, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरचा कर, ही पालिकेची स्वतःची, रोजची कमाई होती. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि जकात नाके बंद झाले. बदल्यात राज्याकडून भरपाई मिळते. आधी पालिका स्वतः वसूल करायची, आता वरून येण्याची वाट बघते.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी पेव्हर ब्लॉकच्या कामाचा फलक आहे. सगळ्यात वर आमदारांचं नाव, मोठ्या अक्षरात. नगरसेवकाचं खाली, बारीक. गल्लीतले ब्लॉक हे नगरसेवकाचं काम. आमदाराचं काम 'शकेल'च्या जागी 'देत आहोत' असा कायदा करण्याचं. पुढच्या वेळी आमदार उद्घाटनाला आले, की नारळ फुटायच्या आधी त्यांना एवढंच विचारा: १८ पैकी किती विषय पूर्णपणे आमच्या पालिकेला दिलेत?