सातबाऱ्यावरचा 'आर' म्हणजे गुंठा नव्हे

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय की आज दुसरा विषय घेतच नाही. "ताई, सातबाऱ्यावर वीस आर लिहिलंय, म्हणजे वीस गुंठेच ना?"

नाही. वीस आर म्हणजे वीस गुंठे नव्हेत.

आधी पाया, तोही पटकन, कारण हा तुम्हाला शाळेपासून माहीत आहे. आपल्याकडे १९५६ साली वजन-मापांचा कायदा झाला आणि दशमान पद्धत आली. आज २००९ चा वैध मापन कायदा लागू आहे. लांबी मीटरमध्ये, वजन किलोमध्ये, आणि मालाचा दर सांगायचा तोही याच एककांत. जमिनीला चौरस मीटर. शंभर चौरस मीटर म्हणजे एक आर, शंभर आर म्हणजे एक हेक्टर. झालं.

बऱ्याच जणांना वाटतं की आर हे इंग्रजी अक्षर आहे, कशाचा तरी शॉर्टफॉर्म. तसं नाही. हे मापाचंच नाव आहे, फ्रान्समध्ये दशमान पद्धत ठरली तेव्हाचं.

आता गुंठा. गुंठा आला साखळीच्या मोजणीतून, तेहतीस फूट बाय तेहतीस फूट. म्हणजे १,०८९ चौरस फूट, म्हणजेच १०१.१७ चौरस मीटर. आर आहे १०० चौरस मीटर. फरक एवढासाच, आणि एवढासा आहे म्हणूनच फसायला होतं.

काल मी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये खडूनं दोन्ही चौकोन आखले. एक दहा मीटरचा, एक तेहतीस फुटांचा. एका बाजूला दोघांत जेमतेम सहा सेंटीमीटरचं अंतर. माझी तीन बोटं मावली. वॉचमनकाका म्हणाले, "ताई, एवढ्यानं काय होतंय?" मीही पूर्वी हेच म्हणायचे.

मग आमच्या घरात काय झालं ते ऐका. मुळशीकडे आजोबांची जमीन, सातबाऱ्यावर ०.४०.००, म्हणजे चाळीस आर. भाऊ चार. घरातच बसून कागद केला, "प्रत्येकी दहा गुंठे." सगळ्यांनी आनंदानं सह्या केल्या. एका बांधापासून टेप लावून तिघांचे दहा-दहा गुंठे मोजून दिले आणि शेवटी धाकट्या काकांच्या वाट्याला उरले साडेनऊ गुंठे. चाळीस गुंठे म्हणजे ४,०४७ चौरस मीटर, आणि जमीन मुळात ४,००० च होती! सत्तेचाळीस चौरस मीटर आणणार कुठून? कुणी कुणाला फसवलं नव्हतं. तरी दोन दिवाळ्या काका घरी आले नाहीत. म्हणून मी हे पुन्हा पुन्हा सांगते.

विकत घेणाऱ्यांनो, तुमच्यासाठी तेच पैशांत. समजा भाव गुंठ्याला वीस लाख आणि सातबाऱ्यावर वीस आर. तुम्ही वीस गुंठ्यांचे चार कोटी मोजलेत, तर जमीन मिळाली १९.७७ गुंठे. साडेचार लाखांहून जास्त पैसे हवेचे दिलेत.

एका दादांनी लिहिलंय, "मंडईत अजून पावशेर मिरच्या मागतोच की, काय बिघडलं?" प्रश्न चांगला आहे. जुना शेर साधारण ९३३ ग्रॅमचा, त्याचा पाव २३३. तुम्ही पावशेर म्हणता, भाजीवाल्या मावशी काट्यावर २५० ग्रॅम देतात. तिथे शब्द जुना राहिला, माप मात्र पक्कं बदललं. जमिनीत तसं झालं नाही. बोलताना गुंठा, कागदावर आर, आणि भाव कशाचा ते कुणीच विचारत नाही. गुंठा म्हणूच नका, असं माझं म्हणणं नाही. आपल्या २००१ च्या गुंठेवारी कायद्याच्या नावातच तो बसलाय! फक्त सही करताना आर आणि गुंठा एक धरू नका.

आता ते टिंब. ०.०५.०० मधली टिंबं दशांश चिन्हं नाहीत, तीन खाने आहेत: हेक्टर, आर, चौरस मीटर. मधल्या खान्यातलं शून्य गाळून कुणी ०.५ हेक्टर लिहिलं, की पाच आरचे पन्नास आर होतात. दहापट! आणि बिनशेती जमिनीच्या नव्या सातबाऱ्यावर खाने दोनच, आर आणि चौरस मीटर. तिथे ५.५० म्हणजे साडेपाच आर, ५५० चौरस मीटर. साडेपाच हेक्टर नव्हे. म्हणून आकड्याच्या आधी एकक वाचा, ते छापलेलं असतं.

वाटणीपत्र असो की करार, क्षेत्र चौरस मीटरमध्ये, आकड्यात आणि अक्षरीही लिहून घ्या. गुंठे लिहायचेच असतील तर चौरस मीटरला १०१.१७ नं भागून लिहा.

आत्ता घरातला सातबारा काढा, क्षेत्राचा रकाना वाचा आणि तुमचे चौरस मीटर किती झाले ते कमेंटमध्ये लिहा, मी प्रत्येकाचं तपासून देईन. गट नंबर आणि नाव मात्र लिहू नका.