मिसेस प्राउडीला निरोप

पहाटेचे साडेपाच वाजायचे आहेत. लंडनच्या उत्तरेला वॉल्थम क्रॉस गावातलं एक घर. घरचा म्हातारा मोतद्दार कॉफी घेऊन मालकाला उठवायला आला आहे. या कामाचे त्याला वर्षाला 5 पौंड जादा मिळतात, आणि त्यात त्याने एकदाही उशीर केलेला नाही. मालकाने पुढे लिहून ठेवलं आहे, की माझ्या यशात सगळ्यात मोठा वाटा कदाचित याच माणसाचा असेल.

मालक म्हणजे एकोणिसाव्या शतकातला इंग्रज लेखक अँथनी ट्रोलप. दिवसा पोस्टखात्यातला वरिष्ठ अधिकारी, पहाटे कादंबरीकार.

पहिला अर्धा तास कालचं लिहिलेलं वाचायचं. मग घड्याळ समोर ठेवायचं आणि दर पाव तासाला 250 शब्द लिहायचे. नवं पुस्तक हाती घेतलं, की तो आठवड्यांचे रकाने आखून एक रोजनिशी तयार करायचा. आज किती पानं झाली, ते रोज त्यात मांडायचं. आठवड्याला सरासरी 40 पानं आणि पानात 250 शब्द, तेही मोजून. एखादा दिवस आळसात गेला, तर तो रकाना डोळ्यांत खुपत राहायचा.

हा सगळा हिशेब त्याने आत्मचरित्रात मोकळेपणाने सांगितला. ते 1883 साली, त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालं आणि अनेकांनी नाकं मुरडली. हा लेखक, की कारकून?

मला त्या रकान्यांमध्ये कारकून दिसत नाही. रोज ठरल्या वेळी आपल्या माणसांना भेटायला जाणारा एक माणूस दिसतो. त्याच आत्मचरित्रात तो सांगतो, की कादंबरीकाराने आपल्या पात्रांसोबत राहिलं पाहिजे. झोपताना ती जवळ हवीत, जाग येताना जवळ हवीत. त्यांच्याशी वाद घालावा, भांडावं, त्यांना माफ करावं, वेळ पडली तर त्यांच्यापुढे नमतंही घ्यावं. अशा माणसाने त्याच माणसांवरची कादंबऱ्यांची मालिका संपवायची म्हणजे काय करायचं?

ही माणसं त्याला भेटली कुठे? 1852 सालच्या उन्हाळ्यात. खेड्यापाड्यांतल्या टपालाची व्यवस्था लावण्यासाठी तो घोड्यावरून गावोगाव हिंडत होता. एका संध्याकाळी सॉल्झबरी शहरातल्या कॅथीड्रलच्या, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चच्या, आसपास फिरताना त्याला एक गोष्ट सुचली. तिथल्या लहानशा पुलावर तो तासभर उभा राहिला. गोष्टीतला वृद्धाश्रम नेमका कुठे असेल, याची जागा त्याने तिथूनच मनाशी पक्की केली. त्यातून उभं राहिलं बारसेटशायर, नकाशावर नसलेला एक परगणा. तिथले पाद्री, जमीनदार, डॉक्टर, त्यांच्या लेकी-सुना. पुढे ट्रोलपने या परगण्याचा नकाशाही काढला. रस्ते, गावं, रेल्वे, कोणाचं घर कुठे, सगळं त्यात होतं.

1855 ते 1867, सहा कादंबऱ्या. त्यातल्या दुसऱ्या कादंबरीत आली मिसेस प्राउडी, बिशपची बायको. नवरा नावापुरता बिशप, कारभार सगळा बाईंचा. कोणाला पद द्यायचं, कोणाला दाराबाहेर उभं करायचं, रविवारी लोकांनी काय करू नये, सगळं तीच ठरवणार. वाचकांना तिचा संताप यायचा, आणि ती पानावर आली की ते सरसावून बसायचे.

1866 च्या जानेवारीत ट्रोलपने शेवटची, सहावी कादंबरी लिहायला घेतली. 20 पौंडांच्या एका चेकच्या चोरीचा आळ आलेला गरीब, मानी पाद्री हे तिचं मुख्य सूत्र. ट्रोलप प्रकाशनाबाबत फार सावध असायचा. शेवटचं पान लिहून झाल्याशिवाय पहिला भाग छापायला देऊ नये, हा त्याचा नियम. शेवटाला धरून सुरुवात बदलण्याची मुभा लेखकाच्या हातात राहिली पाहिजे, असं त्याला वाटायचं. पूर्वी एका मासिकासाठी हा नियम मोडावा लागला, त्याचीही कबुली त्याने दिली आहे. या वेळी मात्र घाईचं कारण नव्हतं.

आणि मग ती सकाळ.

लंडनमधल्या अथेनियम क्लबचा लांबलचक दिवाणखाना. एका टोकाला ट्रोलप लिहीत बसला आहे. दोन पाद्री येतात आणि शेकोटीच्या दोन बाजूंना बसतात. दोघांच्या हातात मासिकं, दोघंही ट्रोलपच वाचत आहेत, आणि तो शेजारी बसला आहे हे दोघांनाही माहीत नाही. एक म्हणतो, हा आर्चडीकन (बिशपच्या हाताखालचा वरिष्ठ पाद्री) याच्या प्रत्येक कादंबरीत असतोच. दुसरा म्हणतो, आणि हा म्हातारा ड्यूक, कंटाळा आला याचा. नवी पात्रं सुचत नसतील तर लिहावंच कशाला? मग गाडी मिसेस प्राउडीवर येते.

ट्रोलपला राहवत नाही. तो उठतो, दोघांच्या मधे जाऊन उभा राहतो आणि सांगतो, तो गुन्हेगार मीच. मिसेस प्राउडीचं म्हणाल, तर घरी जातो आणि आठवडा संपायच्या आत तिला मारून टाकतो.

दोघे गांगरले. एकाने तर विनवलं, की आमचं बोलणं मनावर घेऊ नका. पण शब्द गेला होता. ट्रोलपनेच लिहिलं आहे, की मन कचरत होतं, आणि त्या क्षणाच्या भरात बोलून गेलो नसतो तर हे माझ्या हातून झालं नसतं.

तिला त्याने कसं मारलं, ते पाहा. आधी नवरा तिच्यावर उलटतो. तू माझी मान खाली घातलीस, म्हणतो. बाई एकटी वर खोलीत जाते. आतल्या आत तिला कळलेलं असतं, की आपण वाईट बायको ठरलो. आणि तिला तर आदर्श बायको व्हायचं होतं! दासी दार उघडते तेव्हा ती मेलेली आहे, पण आडवी पडलेली नाही. पलंगाला टेकून उभीच आहे आणि एक हात पलंगाच्या खांबाभोवती घट्ट आवळलेला. खाली बिशप प्रार्थना करतो आहे: देवा, बायको गेल्याचा आनंद होण्यापासून मला वाचव.

रागाच्या भरात दिलेला शब्द असा पाळला गेला. ज्या बाईला दोन पाद्री कंटाळले होते, तिच्या वाट्याला त्याने बहुधा मालिकेतली सगळ्यात करुण पानं दिली. घड्याळ तेव्हाही समोरच असणार.

सप्टेंबरमध्ये कादंबरी पुरी झाली. शेवटच्या परिच्छेदात ट्रोलप वाचकाचा दंड मायेने धरतो आणि म्हणतो, चला, आपण दोघं मिळून बारसेटचा निरोप घेऊ. माझ्यासाठी हा परगणा खरा होता. त्याचे मनोरे माझ्या डोळ्यांसमोर होते, तिथल्या माणसांचे आवाज माझ्या कानांना ओळखीचे होते, रस्त्यांवरच्या फरशा पावलांच्या सवयीच्या होत्या.

पुढे त्याने आणखी कितीतरी कादंबऱ्या लिहिल्या. नव्या माणसांवरही तितकाच जीव जडला, हे तोच सांगतो. पण साधारण दहा वर्षांनी आत्मचरित्र लिहिताना तो पुन्हा त्या आठवड्यापाशी थांबला. कधी कधी पश्चात्ताप होतो, त्याने लिहिलं, इतका आनंद मला तिच्याविषयी लिहिताना मिळायचा. मिसेस प्राउडीपासून मी कधी वेगळा झालोच नाही. तिच्या भुताच्या सोबतीत अजून माझा पुष्कळ वेळ जातो.