गॅसच्या टाकीत होस्टेल

(दृश्य: मेट्रो स्टेशनाचा जिना. वर येताच समोर विटांचे चार गोल बुरूज.)

व्हिएन्नाच्या सिमरिंग भागात मेट्रोतून बाहेर पडलं, की हे चौघं समोर उभे. कमानी, घुमट, लालसर विटा. किल्लाच वाटतो. पण राजाबिजाचा काही संबंध नाही. या नगरपालिकेच्या गॅसच्या टाक्या.

१८९९ साली सुरू झालेल्या. प्रत्येक टाकी ७० मीटर उंच, ६० मीटर रुंद. खरी टाकी आत असायची: पाण्याच्या हौदात उपडं घातलेलं अजस्र लोखंडी भांडं. गॅस भरला की ते वर चढायचं, शहरात दिवे लागले की हळूहळू खाली बसायचं. गावाकडे गोबरगॅसची तरंगती टाकी पाहिली असेल, तर हे तेच. फक्त इथे एकेका टाकीत ९० हजार घनमीटर गॅस मावायचा! बाहेरची ही देखणी भिंत म्हणजे त्या भांड्यावरचा नुसता अंगरखा.

(दृश्य: रिकाम्या टाकीचे जुने फोटो.)

पुढे नळातून नैसर्गिक वायू आला. १९८४ साली टाक्या बंद पडल्या. आतलं लोखंड निघालं, अंगरखा उरला. आणि संरक्षित वास्तू, म्हणजे पाडायचीही सोय नाही.

१९९९ ते २००१ या काळात त्यात घरं बांधली. चार टाक्या, चार वास्तुरचनाकार. सगळ्यांपुढे अडचण एकच: माणसासाठी बांधलेलीच नाही अशा विहिरीत उजेड आणायचा कसा? पहिल्या टाकीत जाँ नुव्हेल यांनी घरांचं कडं सलग न ठेवता मध्येमध्ये फटी सोडल्या. दुसरीत कोप हिमेलब्लाउ या वास्तुरचना कंपनीने आत घरं बांधलीच, शिवाय बाहेरून पाठीला ढालीसारखी एक वाकडी इमारत टेकवली. खरं सांगायचं तर टाकीपेक्षा ढालच आता जुनी वाटते.

विद्यार्थ्यांची सोय याच दुसऱ्या टाकीत. सुमारे ७० सदनिका, अडीचशे मुलंमुली. आणि तळाशी? हजारो प्रेक्षकांचं संगीत सभागृह! ही जोडी जमवणाऱ्याने स्वतः कधी होस्टेलवर राहून परीक्षा दिली होती का, अशी शंका येते.

(दृश्य: चौथी टाकी. कॅमेरा घुमटावरून हळूहळू खाली.)

चौथ्या टाकीच्या पोटात शहराचा दप्तरखाना आहे. उजेडाची तक्रार न करणारा भाडेकरू तेवढाच.