‘फॉर’ : इंग्रजीतला एक विझलेला उपसर्ग

प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार ही मालिका आपल्यापैकी अनेकांनी शाळेतच पाठ केली असेल. धातू एकच, पण उपसर्ग त्याला बळजबरीने भलत्याच अर्थाकडे ओढून नेतो. जुन्या इंग्रजीत ‘फॉर’ हा असाच एक जबरदस्त उपसर्ग होता. ‘साठी’ या अर्थाने आपण रोज जो ‘फॉर’ वापरतो, त्याचा अर्थ येथे लावून चालत नाही. हा उपसर्ग ‘दूर’, ‘पुरता’, ‘वाट लागेपर्यंत’ अशा छटा क्रियापदाला देत असे. आपल्या प्र, परि, परा यांचा तो दूरचा नातलग मानला जातो.

‘फॉरगेट’ हा शब्द घ्या. यातल्या ‘गेट’चा मूळ अर्थ हाती धरणे, म्हणून विसरणे म्हणजे धरलेले हातून सुटणे. ‘बिड’ म्हणजे आज्ञा करणे आणि ‘फॉरबिड’ म्हणजे मनाई करणे. हे दोन्ही शब्द रोजच्या वापरात टिकले. त्यांच्या भावंडांचे नशीब मात्र तसे नव्हते. ‘फॉरडू’ म्हणजे नाश करणे. शेक्सपिअरच्या ‘मिडसमर नाइट्स ड्रीम’मध्ये दिवसभराच्या कष्टांनी ‘फॉरडन’ झालेला नांगऱ्या घोरत पडला आहे. आपण ज्याला ‘कामाने पार मेला’ म्हणू, तोच हा माणूस. इंग्रज कवी एडमंड स्पेन्सरने १५७९ सालच्या आपल्या काव्यपुस्तकात ‘फॉरस्वाँक’ आणि ‘फॉरस्वॅट’ अशी जोडी वापरली. ‘स्विंक’ म्हणजे राबणे, म्हणून पहिल्याचा अर्थ राबून राबून थकलेला, तर दुसऱ्याचा घामाने निथळून गेलेला. गंमत अशी, की त्याच पुस्तकात या शब्दांवर टीप द्यावी लागली होती, म्हणजे त्या काळच्या वाचकालाही ते जुनाटच वाटत होते.

सर्वांत देखणा अवशेष ‘फॉरलॉर्न’. यातला ‘लॉर्न’ म्हणजे हरवलेला. म्हणून ‘फॉरलॉर्न’ म्हणजे पुरता हरवलेला, सर्वांनी टाकलेला. याच शब्दामुळे एक मजेशीर घोटाळा झाला. डच भाषेत ‘फरलोरन होप’ म्हणजे गमावलेली तुकडी, अर्थात हल्ल्यात सर्वांत पुढे घुसणारी, जिच्या परतीची खात्री कोणीच देत नसे अशी बिनीची तुकडी. डच ‘होप’ म्हणजे ढीग किंवा जमाव. इंग्रजांनी त्यात आपला ‘होप’ म्हणजे आशा ऐकली, आणि मरणाच्या दारी पाठवलेल्या सैनिकांची कालांतराने ‘फोल आशा’ झाली. माझ्या मते चुकीच्या ऐकण्यातून इतका करुण अर्थ क्वचितच जन्माला आला असेल.

जर्मनमध्ये याच उपसर्गाचा भाऊ ‘फेर’ आजही ठणठणीत आहे. ‘झाल्त्सेन’ म्हणजे मीठ घालणे आणि ‘फेरझाल्त्सेन’ म्हणजे मीठ जास्त टाकून पदार्थाचा विचका करणे. इंग्रजीत असा नवा शब्द आता कोणी घडवत नाही. उलट ‘आधी’ या अर्थाच्या ‘फोर’शी या उपसर्गाची सतत सरमिसळ होते. सोडून देणे या अर्थाचा ‘फॉरगो’ आणि पुढे जाणे या अर्थाचा ‘फोरगो’ यांत लिहिताना फरक फक्त एका ‘ई’चा आहे, आणि ते ‘ई’ भल्याभल्यांकडून चुकीच्या जागी पडते.