मुलांच्या सायकलला मीटर लावताना

नमस्कार श्रोतेहो. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला सायकल मिळाली की पुढची मागणी ठरलेलीच: "मला मीटर हवं!" ती जरूर पुरवा. घरापासून शाळा किती लांब, मैदानाची एक फेरी केवढी, हे स्वतः मोजणाऱ्या मुलाचा अंतराचा अंदाज लवकर पक्का होतो. मात्र हा मीटर, म्हणजे वेग आणि अंतर दाखवणारा छोटा सायकल कॉम्प्युटर, वायरचाच घ्या, आणि त्यातल्या सेलचं झाकण कसं उघडतं ते दुकानातच बघून घ्या.

वायरलेस मीटरला सेल दोन लागतात. एक डिस्प्लेत, दुसरा खाली फोर्कवरच्या, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या सेन्सरमध्ये, म्हणजे नेमका धाकट्या भावंडाच्या हाताच्या उंचीवर. वायरच्या मीटरला एकच सेल, तोही वर. बहुतेक मीटरांत सीआर २०३२ हा गोल सेल असतो. त्याचा व्यास २० मिलिमीटर. लहान मुलानं तो गिळला तर अन्ननलिकेत अडकू शकतो. तिथल्या ओलाव्यातून वीज वाहू लागते आणि सेलच्या ऋण बाजूला तीव्र अल्कली तयार होऊन नलिका भाजते. सेल फुटावा लागत नाही, गळावा लागत नाही. दोन तासांतही गंभीर इजा होते. मीटर चालवू न शकणारा, उतरलेला सेलसुद्धा हे करू शकतो.

खेळण्यांत सेलचं झाकण स्क्रूनं बंद केलेलं असतं. सायकलच्या मीटरचं झाकण मात्र बहुधा नाण्यानं फिरवलं की निघतं. स्क्रूचं झाकण मिळालं तर उत्तमच. नाही तर झाकण घट्ट फिरवून वरून चिकटपट्टी लावा आणि सेल बदलण्याचं काम मोठ्यांनीच करा. काढलेल्या सेलला लगेच दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी गुंडाळा, मगच ई-कचऱ्यात द्या.

सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी तडक एक्स-रेची सोय असलेलं रुग्णालय गाठा, किंवा १०८ ला फोन करा. उलटी करवू नका. मूल एक वर्षाहून मोठं असेल, नीट गिळू शकत असेल आणि सेल गिळून बारा तास झाले नसतील, तर जाता जाता दर दहा मिनिटांनी दोन छोटे चमचे मध द्या, जास्तीत जास्त सहा वेळा. मधानं इजेचा वेग कमी होतो, सेल निघत नाही. म्हणून मध शोधण्यात वेळ घालवू नका. बाकी खायला-प्यायला काही देऊ नका.

आता बसवणं. चुंबक पुढच्या चाकाच्या स्पोकवर, सेन्सर फोर्कवर. चाक फिरताना चुंबक सेन्सरच्या खुणेसमोरून जायला हवा आणि दोघांत दोन-तीन मिलिमीटर फट हवी. पाचापेक्षा जास्त झाली की आकडा शून्यावर अडकतो किंवा मध्येच उड्या मारतो. फट जास्त पडत असेल तर सेन्सर आणि चुंबक दोन्ही हबकडे, म्हणजे चाकाच्या मध्याकडे सरकवा, तिथे स्पोक फोर्कच्या जवळ येतात. यामुळे अंतर चुकत नाही, कारण मोजल्या जातात त्या चाकाच्या फेऱ्या. वायर ब्रेकच्या केबलला वेटोळे देत खाली न्या, झिप टायनं बांधा आणि हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा. वायर ताणली जाता कामा नये, आणि तिचा लोंबता फास स्पोककडे तर अजिबात नको.

सगळ्यात जास्त चूक होते ती चाकाच्या मापात, म्हणजे चाक एका फेरीत किती अंतर जातं ते मीटरमध्ये भरण्यात. मीटर मोठ्या सायकलच्या मापावर, समजा २०५० मिलिमीटरवर तसाच राहिला आणि चाक २० इंची असेल, तर ताशी दहाचा वेग साडेतेरा दिसतो. अंतरही त्याच प्रमाणात फुगतं. टायरवर २० × १.७५ लिहिलं असेल तर माप साधारण १५१५, आणि २४ × १.७५ ला १८९०. पण स्वतः मोजलेलं सर्वांत खात्रीचं. टायरमध्ये पुरेशी हवा भरा. व्हॉल्व्ह अगदी खाली आणून जमिनीवर खडूची खूण करा. मुलाला सीटवर बसवा, कारण वजनानं टायर थोडा दबतो. सायकल सरळ ढकलत चाकाची एक पूर्ण फेरी होऊ द्या, व्हॉल्व्ह पुन्हा खाली आला की दुसरी खूण करा. दोन खुणांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये भरा. एककही किलोमीटरच ठेवा.

मीटर एका बटणाचा, मोठ्या आकड्यांचा आणि चाक फिरताच आपोआप सुरू होणारा हवा. बहुतेक मीटरांत कमाल वेगाची नोंदही राहते. ती मुलांच्या हाती लागली की उतारावर चढाओढ सुरू होते. म्हणून पडद्यावर वेगाऐवजी अंतर दिसेल असं लावून द्या, आणि आकडा बघायचा तो पाय जमिनीला टेकल्यावरच, हे पहिल्याच दिवशी ठरवा.

विदर्भातल्या मे महिन्यात सायकल उन्हात उभी राहिली तर पडदा काळा पडतो, सावलीत गार झाला की बहुधा पूर्ववत होतो. कोकणातल्या पावसात मीटरखालच्या दोन धातूच्या टिकल्यांवर गंज चढतो. आठवड्यातून एकदा त्या कोरड्या फडक्यानं पुसा. आणि सेल काढण्याआधी एकूण किलोमीटर वहीत लिहून ठेवा, स्वस्त मीटरांत ते शून्य होतात.